संध्याकाळचं दूध

४ एप्रिल

धाकटे,

आशीर्वाद, खुशाली या ओळी गाळते, तू त्या वाचणार नाहीस. पत्र फाडणारा माणूससुद्धा फाडण्याआधी पहिली ओळ वाचतो, म्हणून कामाचं आधी विचारते. तुमच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आमच्या दूध केंद्राचे चार कॅन येतात. ते दूध उकळल्यावर कसं असतं? कण धरतं का? तळाला चिकटतं का? एवढं कळव, मग खुशाल फाड.

तू तिथे आहेस हे टँकरवाल्याकडून कळलं. म्हणाला, "लहान मुलांच्या इस्पितळात कॅन उतरवून घ्यायला एक बाई येते, तुमच्यासारखीच दिसते, फक्त बोलत नाही." मी म्हटलं, मग ती माझी बहीण नव्हेच. तो हसला. मी पण हसले, आणि मग आत जाऊन बराच वेळ रिकाम्या कॅनवर बसून राहिले. दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. मेहुण्यांनी एकदा उचलला होता, तर "ती कामात आहे" म्हणून ठेवून दिला. दोन वर्षं कामात आहेस, कमाल आहे बाई.

इकडचं सांगते. यंदा मार्चातच मे आला. गाई दिवसभर जिभा बाहेर काढून उभ्या, चारा पुढ्यात असला तरी तोंड लावत नाहीत, आणि चारा तरी कुठे आहे? पाऊस नको तेव्हा आला, फेब्रुवारीत, उभं पीक झोपवून गेला आणि जाता जाता नदीवरचा पूलही घेऊन गेला. टँकर आता डोंगराला वळसा घालून जातो. दोन तासांचा रस्ता साडेचार तासांचा झाला. म्हणून डेअरीने संध्याकाळची फेरी बंद केली. सकाळची एकच फेरी. संध्याकाळचं दूध घरीच वापरा, असा वरून हुकूम. आणि त्याच कागदावर खाली दुसरी ओळ, की शहरात दुधाची टंचाई आहे, केंद्राने पुरवठा वाढवावा. संध्याकाळचं घेत नाही म्हणता आणि वर जास्त द्या म्हणता, गाय म्हणजे काय नळ आहे?

टँकरवाला सांगतो की तुमच्याकडे दुकानांपुढे दुधाला रांगा लागतात आणि दहा वाजता पाटी लागते, संपलं. खरं का?

मी ठणठणीत आहे. मागच्या महिन्यात ताप येऊन गेला, आता काही नाही. रोज बासष्ट घरांचे कॅन येतात, रोज बासष्ट झाकणं उचलते, नाक खाली नेते, एक श्वास, हो की नाही. माझं काम तुला सांगायला नको.

त्या अकरा दिवसांचा विषय मी काढत नाही. तुझं दूध आंबलं होतं ते आंबलं होतं. त्यावर मी तेव्हाही बोलले नाही, आताही बोलणार नाही.

दुधाचं तेवढं कळव.

ताई

१३ एप्रिल

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. पण टँकरवाल्याने पत्र तुझ्याच हातात दिलं आणि तू ते कमरेला खोचलंस, असं त्याने शपथेवर सांगितलं. फाडलं असतंस तर त्याच्यासमोरच फाडलं असतंस, तुला मी ओळखते.

आज पहाटे पाच वाजता केंद्राच्या ओट्यावरची फरशी पायाला कोमट लागली. पहाटे पाच वाजता! पूर्वी आपण कॅन विहिरीत सोडायचो ते आठवतं? दोरी ओढताना बोटं बधिर व्हायची. आता विहिरीत ओंजळभर पाणी उरलंय आणि तेही अंघोळीला काढल्यासारखं. रात्र आता गार होतच नाही. म्हणजे संध्याकाळी काढलेलं दूध सकाळपर्यंत टिकायचं नाव नाही. लोक ओल्या पोत्यात गुंडाळतात, माठात ठेवतात, अंगणात ठेवतात. काय उपयोग?

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गाईंचं दूध निम्म्यावर आलंय, तसं सगळेच रडतायत. मग कॅन भरून कसे येतात? तूच सांग. सकाळचं दूध कमी पडलं की कॅनमध्ये काल संध्याकाळचं ओतायचं आणि वरून ताजं. दूध दिसतं ताजं, लागतं ताजं, उकळलं तरी नासत नाही. फक्त वास येतो, ओल्या फडक्याचा, अगदी पुसट. तो ज्याला येतो त्यालाच येतो.

आमच्याकडे स्पिरिटची बाटलीही असते म्हणा. नळीत चमचाभर दूध, चमचाभर स्पिरिट, हलवायचं, कण दिसले तर परत पाठवायचं. पण बाटली महिन्याला एक. या उन्हात ती बूच लावूनसुद्धा उडते. अर्ध्या महिन्यात तळाला आली. त्यामुळे कुणाचं तपासायचं आणि कुणाचं नाही, ते मी ठरवते. तोंडावरून कळतंच की. जो डोळा चुकवतो त्याचं तपासते. जो उगाच गोड बोलतो त्याचं तर हमखास.

परवा माझी भाजी करपली. शेजारीण धावत आली, "अहो, धूर निघतोय, वास सगळ्या आळीत सुटलाय, तुम्ही काय करताय?" मी शेगडीपासून दोन हातांवरच बसले होते. म्हटलं, नाक जरा चोंदलंय. सर्दी. उन्हाळ्यातली सर्दी लवकर जात नाही.

दुधाचं अजून कळवलं नाहीस.

ताई

२१ एप्रिल

धाकटे,

सर्दी नाहीये.

तापातून उठल्यापासून मला कसलाच वास येत नाही. फिनेलचा नाही, रॉकेलचा नाही, शेणाचासुद्धा नाही. कांदा कापते, डोळ्यांतून पाणी येतं आणि नाकात काहीही नाही. पहिले आठ दिवस वाटलं, येईल परत. डॉक्टरने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, कुणाचं येतं, कुणाचं येत नाही, वाट बघा. वाट बघायला मी काय बसस्टँडवर उभी आहे?

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, कारण माझ्या केंद्राचं दूध तुझ्या हातून पोरांच्या तोंडात जातं. पहिल्या पत्रात उगाच विचारलं नव्हतं.

तू म्हणशील, बाई गं, मग सांगून टाक आणि घरी बस. कुणाला सांगू? डेअरीच्या तपासनीस साहेबाला? तो वळशाच्या रस्त्यापायी आमचं केंद्र बंद करायला टपून बसलाय. टँकरचा तासभर वाचतो. नियमात लिहिलंय, पारखणारा माणूस नसेल तर केंद्र बंद. म्हणजे मी नाक गेलं म्हटलं की दुसऱ्या दिवशी टँकर खालच्या फाट्यावरून सरळ निघून जाणार. बासष्ट घरं आहेत धाकटे. आणि तुमच्याकडची रांग आणखी लांब होणार. सांगितलं तर हे, आणि नाही सांगितलं तर ते. नाकी नऊ आलेत, आणि नाक तर जागेवर नाही. हस, हस.

मी करते काय ते सांगते. झाकण उचलते, खाली वाकते, श्वास घेते, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माणसाकडे बघते. तो निवांत उभा असेल तर "चालेल". चुळबुळ करत असेल तर स्पिरिट. आजवर कुणाला संशय आलेला नाही. उलट परवा एकजण म्हणाला, तुमच्या नाकाला तोड नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मास्तरीणबाईंचं तर मी कधीच तपासत नाही. तुझी पण मास्तरीण होती ती. निवृत्त झाल्यावर दोन गाई पाळल्यात, रोज पहिला कॅन तिचा, धुतलेल्या पातळात येते, कॅनसुद्धा चकचकीत घासलेला. अशा बाईचं काय तपासायचं? तिचा कॅन मी डोळे झाकून तुमच्या इस्पितळाच्या चारांत घालते. लहान पोरांना चांगलंच जावं म्हणून.

तू मात्र सावध राहा. दूध आलं की आधी तू हुंग. तुझं नाक काही माझ्याहून कमी नाही, आईच म्हणायची. त्या अकरा दिवसांतसुद्धा मला एकदा वाटून गेलं होतं की

ते राहू दे. नंतर कधीतरी.

ताई

२९ एप्रिल

धाकटे,

टँकरवाला काल आला तो केंद्रात शिरलाच नाही, फाटकाशीच थांबला. मला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. चौदा मुलं. सकाळी दूध प्यायली आणि दुपारपर्यंत सगळ्यांना उलट्या. एक अडीच वर्षांची पोर तीन दिवस सलाइनवर.  मी एकच विचारलं, "कोणी गेलं का?" तो नाही म्हणाला. दहा वेळा विचारलं, दहा वेळा तो नाही म्हणाला. आता सगळी बरी आहेत हे खरं ना? निदान एवढं तरी कळव.

आणि मग त्याने पुढचं सांगितलं. तुला कामावरून घरी बसवलंय. तू दूध उकळून बाहेर ठेवलंस, वीज गेली तेव्हा फ्रीजकडे लक्ष दिलं नाहीस, असा ठपका ठेवलाय. दहा दिवसांत चौकशी, दोष ठरला तर नोकरी जाणार आणि यापुढे कुठल्याच स्वयंपाकघरात तुला कुणी उभं करणार नाही. तू म्हणे सांगत होतीस की दूध आलं तेव्हाच मला शंका आली होती. पण तेव्हा वॉर्डातून निरोपावर निरोप येत होते, उन्हाने आजारी पडलेली पोरं दोन-दोन एका खाटेवर, दुसरं दूध शहरात मिळत नव्हतं, म्हणून नीट उकळलं आणि दिलं. तुझं कुणी ऐकलं नाही. उकळल्यावर कशाला बाधेल, म्हणाले.

बाधतं. मी काल डॉक्टरला विचारून आले. दूध रात्रभर उबेत राहिलं की त्यात जे विष धरतं ते उकळून जात नाही. तू तासभर उकळलं असतंस तरी गेलं नसतं. तुझी काडीचीही चूक नाही.

तिथून मी सरळ मास्तरीणबाईंकडे गेले. का गेले मला माहीत नाही, पाय गेले. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "माझ्याकडून एक झालंय." संध्याकाळचं दूध ती गेले तीन आठवडे सकाळच्यात घालत होती. मी म्हटलं, बाई, तुम्ही? ती म्हणाली, "अगं, शहरात पोरांना दूध नाही म्हणतात, आणि मी इथे चांगलं दूध मोरीत ओतू? पाप वाटलं मला. आणि तू होतीस ना. मला वाटायचं, खराब असेल तर तू घेणारच नाहीस."

तू होतीस ना, म्हणाली. मी तिच्या ओट्यावर बसले. तिलाही सांगितलं नाक गेल्याचं. ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला मेलीला रडूसुद्धा येईना.

चौकशी कधी, किती वाजता, ते टँकरवाल्याकडे निरोप दे. मी येतेय. काय झालं ते तिथे मी स्वतः सांगणार.

ताई

४ मे

धाकटे,

निरोप मिळाला. "सात तारीख, अकरा वाजता." दोन वर्षांत तुझे हे पहिले चार शब्द. चिठ्ठी मी उशीखाली ठेवलीय, हसू नकोस.

इथे मी येते म्हटल्यावर काय झालं ते ऐक. काल सकाळी टँकर गेल्यावर कुणी घरी गेलंच नाही. सगळे केंद्राच्या अंगणात उभे. मास्तरीणबाईंनी कुणाला तरी सांगितलं असणार, की मीच कुणाजवळ बोलले, देव जाणे. आधी समजावणी झाली. "तुमचं नाक गेलं त्याचं वाईट वाटतं, पण ते शहरात जाऊन कशाला सांगायचं? दुसरा माणूस तयार करू, तोवर गप्प राहा." मग आवाज चढले. एक म्हणाला, एका बहिणीपायी बासष्ट घरं बुडवणार का? दुसरा म्हणाला, "तेव्हा बहिणीचं दूध ओतताना नाही आठवली बहीण? आता बरा पुळका आला!"

मी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नाही, नाकावर माशी बसू देत नाही असंच सगळे म्हणतात. पण हे वाक्य मी ऐकून घेतलं.

मी मास्तरीणबाईंकडे बघितलं. म्हटलं, बाई, तुम्ही सांगा, काय झालं ते. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मी संध्याकाळचं कधीच घातलं नाही. हिचा काहीतरी गैरसमज झालाय." चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई. मला तिचा राग आला असं लिहिणार होते, पण खरं सांगू का, नाही आला. तिच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं मला दिसत होती. त्यांच्यात तान्हं पोर कडेवर घेतलेली एक जण होती. तिच्या घरात दुधावाचून दुसरं काहीच येत नाही.

म्हणजे आता माझ्याजवळ पुरावा नाही, साक्षीदार नाही. माझा शब्द, बस. साक्ष द्यायला सख्खी बहीण आली तर तिच्या शब्दाला कोण भाव देतंय? तपासनीस साहेब तर माझी चटणीच करेल. तो येणार आहे, त्याला केंद्र बंद करायचंय पण डेअरीवर ठपका नकोय. त्याला दोष तुझ्याच गळ्यात हवा.

रात्रंदिवस जीव टांगणीला लागलाय. माझ्याच्याने नीट बोलणं होईल ना? तू माझ्याकडे बघू नकोस तिथे. बघितलंस तर माझं अवसान गळेल.

परवाच्या पहिल्या बसने निघते.

ताई

१९ मे

धाकटे,

तू त्या खोलीत होतीसच. तरी मला ते एकदा लिहून काढायचंय, कारण तिथे मी जे बोलले नाही ते मला इथे सांगायचंय.

लांबट टेबल, वर पंखा, तोही उष्ण हवा खाली ढकलणारा. मधोमध मोठ्या डॉक्टरीणबाई, एका बाजूला तपासनीस साहेब, भिंतीशी तू. किती वाळलीस गं. मी सगळं सांगितलं. ताप, नाक, बाटली, माणसांची तोंडं बघून दूध पास केलं ते, संध्याकाळचं दूध. मास्तरीणबाईंचं नाव घेतलं नाही. म्हटलं, दूध केंद्रातच खराब होतं, मी ते सोडलं, स्वयंपाकघराचा काही दोष नाही.

तपासनीस साहेब खुर्चीत रेलून हसला. "बाई बहिणीला वाचवायला आल्यात. वास येत नाही म्हणतात, तो कसा तपासायचा? एवढं सोंग शाळेतलं पोरही करेल. कालपर्यंत या रोज शंभर टक्के खात्रीने सही करत होत्या." त्याचं चूक नव्हतं. सही होतीच माझी. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की त्यांना मी खोटी वाटतेय. मग त्या तुझ्याकडे वळल्या आणि विचारलं, "तुमची बहीण तुम्हाला वाचवायला खोटं बोलत असेल का?"

तू उठलीस. मला वाटलं, आता दोन वर्षांचं सगळं बाहेर काढशील. काढायलाच हवं होतं.

तू म्हणालीस, "मला वाचवायला? ही? दोन वर्षांपूर्वी माझं दूध आंबलं, तर हिने सख्ख्या बहिणीचं दूध अकरा दिवस सगळ्या गावासमोर ओतलं. माझ्या गाई गेल्या, घर सुटलं. पण हिने डोळेझाक केली नाही. दुधाच्या बाबतीत ही कुणासाठी खोटं बोलत नाही. ही म्हणते दूध खराब होतं, तर ते खराबच होतं."

 डॉक्टरीणबाईंनी चष्मा परत घातला आणि लिहायला लागल्या. तपासनीस साहेबाने पुढे काहीबाही म्हटलं, पण ते कुणी कानावर घेतलं नाही. तुझी नोकरी राहिली ती त्या क्षणाला राहिली.

 मी बोलायला तोंड उघडलं होतं, तू बघितलंस का? उघडलं आणि मिटलं. मनाशी म्हटलं, आता बोलले तर माझा शब्द पडेल आणि तुझी नोकरी जाईल. ते खरंही होतं. पण तेवढंच कारण नव्हतं. मी घाबरले.

मग तू मला बसपर्यंत सोडायला आलीस. चार पावलं पुढे चालत होतीस, मागे न बघता, रस्त्यात कडेला सावली मिळेल तिथे थांबत होतीस, म्हणजे मी गाठावं म्हणून. बसमध्ये चढताना हातात पाण्याची बाटली दिलीस आणि म्हणालीस, "ताई, मी तुझ्यावर रागावले नव्हते गं. मला लाज वाटायची. तू एवढं शिकवलंस, तरी मला दूध नीट राखता आलं नाही. घरून निघताना रोज मीही हुंगायचे. पहिल्यांदा चांगलंच वाटायचं. मग चारपाच दिवसांनी मलाही आंबट वास यायला लागला. म्हटलं, ताई म्हणते तर असणारच." बस हलली. मी खिडकीतून फक्त हात केला.

आता इथलं ऐक आणि मग मुख्य सांगते. केंद्राला कुलूप लागलंय. टँकर खालच्या फाट्यावरून जातो, हॉर्नसुद्धा वाजवत नाही. लोक माझ्याशी बोलत नाहीत, त्यांचं बरोबर आहे. काही जणांनी दही लावून बघितलं, घरोघरी दह्याची भांडी, खाणार किती? मास्तरीणबाईंनी एक गाय काढून टाकली. टँकरवाला म्हणतो, तुमच्या वॉर्डात आता पावडरचं दूध देतात आणि तेही मोजून. दूध गार ठेवायची टाकी आणि नवा पारखणारा मिळाला तर केंद्र उघडू, असं डेअरी म्हणते. टाकीसाठी मी रोज तालुक्याच्या कचेरीत जाऊन अर्ज देते, रोज दारातून परत येते. उद्याही जाईन.

आता ते. दोन वर्षांपूर्वी, त्या पहिल्या मोठ्या उन्हाळ्यात, तपासनीस साहेब आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, लोकांची तक्रार आहे की तुम्ही बहिणीच्या कॅनवर वाकतसुद्धा नाही, तसाच पास करता. मागे दोघंतिघं हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या वेळी निम्म्या गावाचं दूध आंबत होतं, रोज पाच-सहा कॅन परत जात होते. दुसऱ्या दिवशी तू आलीस. ओल्या पोत्यात गुंडाळलेला कॅन. मी झाकण उचललं, वाकले, श्वास घेतला, आणि सगळे बघत होते. मी म्हटलं, आंबलंय. आणि ओतलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तू परत आलीस. तेव्हा पास केलं असतं तर आदला दिवस खोटा पडला असता. म्हणून परत ओतलं. तिसऱ्या दिवशी तर आणखीनच अवघड. मग ते दर दिवशी अवघड होत गेलं. मला वाटायचं, एक दिवस तू भांडशील, माझ्या हातातून कॅन हिसकावून घेशील, आणि मी सुटेन. तू भांडलीच नाहीस. मान खाली घालून रिकामा कॅन उचलायचीस आणि जायचीस. बाराव्या दिवशी तू आली नाहीस. तेव्हा मला हायसं वाटलं, हेसुद्धा लिहून टाकते.

तेव्हा माझं नाक चांगलं होतं, धाकटे. अगदी चांगलं होतं. तुझ्या दुधाला ताज्या दुधाचा वास येत होता. पहिल्या दिवशी, शेवटच्या दिवशी, अकराही दिवस.

तू राखण्यात कुठेच कमी पडली नव्हतीस. तुझ्या गाई चांगल्या होत्या. वाईट वास तुला आला तो मी सांगितला म्हणून आला.

आता रागाव माझ्यावर, हवं तितकं. फोन उचलू नकोस, पत्रं फाड. लाज मात्र एक दिवसही बाळगू नकोस, ती माझी आहे.

ताई